ब्रिटिश कोलंबिया विधानसभा निवडणूक २०२४: निकालाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबिया (बीसी) प्रांतात १९ ऑक्टोबर २०२४ ला मतदान झालं आणि सरकार कुणाचं, हे कळायला २८ ऑक्टोबर उजाडला. त्याच सुमारास महाराष्ट्रातही विधानसभेची धामधूम सुरू होती, त्यामुळे इथल्या मराठी घरांत दोन्हीकडचे आकडे एकाच टेबलावर चर्चिले जात होते. गावाकडून फोनवर आणि इथे भेटीगाठींत पुन्हापुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कॅनडातल्या प्रांतिक निवडणुकीचा निकाल कसा वाचायचा, हे समजून घ्यायला अलीकडच्या काळात याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

शेवटी निकाल काय लागला?

एकूण जागा ९३. डावीकडे झुकणारी न्यू डेमोक्रॅटिक पार्टी (एनडीपी) ४७, कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टी ऑफ बीसी ४४, ग्रीन पार्टी २. बहुमतासाठी ४७ लागतात, म्हणजे एनडीपीला नेमकं तेवढंच मिळालं, एकही जास्त नाही. डेव्हिड एबी पुन्हा प्रीमियर झाले. प्रीमियर म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री. कॉन्झर्व्हेटिव्हांचे जॉन रस्टॅड विरोधी पक्षनेते झाले. ग्रीन पक्षाच्या नेत्या सोनिया फर्स्टेनाऊ मात्र स्वतःच्याच जागेवर पडल्या. त्या स्वतःसाठी नव्या असलेल्या मतदारसंघातून, व्हिक्टोरिया-बीकन हिलमधून उभ्या होत्या.

मतांची टक्केवारी अशी: एनडीपी ४४.८६, कॉन्झर्व्हेटिव्ह ४३.२८, ग्रीन ८.२४. आधीच्या, २०२० च्या निवडणुकीत ८७ पैकी ५७ जागा एनडीपीकडे होत्या. त्यामुळे एबींचा हा विजय खरा असला तरी पाय घसरता घसरता सावरलेला आहे. त्याला दणदणीत म्हणणाऱ्यांनी आकडे पुन्हा बघावेत.

मतदान शनिवारी झालं, मग निकालाला नऊ दिवस का लागले?

हा सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न. आपल्याकडे मतदानानंतर दोन-तीन दिवसांनी मोजणी सुरू होते आणि दुपारपर्यंत चित्र स्पष्ट होतं. बीसीत उलटी पद्धत आहे. मतदान रात्री आठला संपलं की तासाभरात बहुतेक मतं मोजून जाहीर होतात. पण ती सगळी मतं नसतात.

इथे मतपत्रिका टपालाने मागवता येते आणि मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत ती पोचली तरी चालते. शेवटच्या दिवसांत आलेली टपाली मतं आणि काही विशेष प्रकारची मतं पहिल्या रात्री मोजत नाहीत. एकाच माणसाने टपालानेही मत पाठवलं आणि केंद्रावर जाऊनही दिलं, असं झालेलं नाही ना, हे आधी पडताळावं लागतं. ही छाननी झाल्यावर अंतिम मोजणी होते. २०२४ मध्ये ती २६ ते २८ ऑक्टोबर अशी तीन दिवस चालली आणि तिच्यात सुमारे ६५ हजार मतं होती.

पहिल्या रात्रीचं चित्र होतं एनडीपी ४६, कॉन्झर्व्हेटिव्ह ४५, ग्रीन २. काही मतदारसंघांत आघाडी शंभराच्या आतबाहेर. अशा अवस्थेत ६५ हजार मतं शिल्लक असताना कुणालाही विजयी म्हणणं शक्यच नव्हतं. एरवीही अंतिम मोजणी होतेच, पण निकाल एकतर्फी असला की तिच्याकडे कुणी बघत नाही. २०२४ मध्ये मात्र साऱ्या प्रांताने ती तासातासाला पाहिली.

त्यात त्या शनिवारी दक्षिण किनाऱ्यावर पावसाने कहर केला होता. रस्ते पाण्याखाली गेले, काही मतदान केंद्रांची वीज गेली. सुदैवाने दहा लाखांहून अधिक लोकांनी आगाऊ मतदानाच्या सहा दिवसांत आधीच मत देऊन टाकलं होतं. एकूण मतदान झालं साधारण ५८ टक्के.

फक्त २२ मतांनी सरकार ठरलं, हे खरं आहे का?

हो. सरे शहरातल्या सरे-गिल्डफर्ड या मतदारसंघात पहिल्या रात्री कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे होनवीर सिंग रंधावा १०३ मतांनी पुढे होते. अंतिम मोजणीत ती आघाडी वितळत गेली आणि २८ ऑक्टोबरला एनडीपीचे गॅरी बेग २७ मतांनी पुढे निघाले. ही जागा एनडीपीकडे आल्यामुळेच ४६ चे ४७ झाले. पुढे न्यायालयीन फेरमोजणी झाली आणि फरक २२ मतांवर स्थिरावला.

ही जागा उलटली असती तर ४६-४५-२ असं त्रिशंकू सभागृह आलं असतं आणि ग्रीन पक्षाच्या दोन आमदारांच्या हाती किल्ली गेली असती. २०२४ च्याच लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले, तेव्हा आपण सगळे अवाक् झालो होतो. तिथे एका खासदाराचा प्रश्न होता. इथे त्याच्या निम्म्याहून कमी मतांवर अख्ख्या प्रांताचं बहुमत टांगलेलं होतं. गिल्डफर्ड भागात आपली बरीच मंडळी राहतात. ‘माझ्या एका मताने काय होणार’ असं म्हणून त्या पावसात घरी बसलेल्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

फेरमोजणी कुणी मागितली तर होते, की आपोआप?

दोन्ही. अंतिम मोजणीच्या टप्प्यात फरक शंभर किंवा त्याहून कमी असेल तर उमेदवाराच्या विनंतीवरून निवडणूक अधिकारी फेरमोजणी करू शकतात. अंतिम निकालात फरक एकूण मतांच्या पाचशेव्या भागापेक्षाही कमी राहिला, तर प्रकरण न्यायालयीन फेरमोजणीसाठी प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जातं. २०२४ मध्ये सरे-गिल्डफर्ड आणि केलोना सेंटर या दोन जागा या नियमात बसल्या. केलोना सेंटरमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह क्रिस्टिना लोवेन ३८ मतांनी पुढे होत्या, फेरमोजणीनंतर ४०. दोन्ही ठिकाणी विजेता बदलला नाही.

एक अख्खी मतपेटी मोजायचीच राहिली, असं ऐकलं. मग गैरप्रकार झाला का?

मतपेटी राहिली होती, हे खरं. प्रिन्स जॉर्ज-मॅकेंझी मतदारसंघातल्या ८६१ मतांची एक पेटी निकालात धरलीच गेली नव्हती. सरे-गिल्डफर्डमध्येही १४ मतं नोंदवायची राहून गेली होती. निवडणूक यंत्रणेने, म्हणजे इलेक्शन्स बीसीने, या चुका स्वतः शोधल्या आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्वतःच जाहीर केल्या. प्रिन्स जॉर्ज-मॅकेंझीत कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवाराचं मताधिक्य एवढं मोठं होतं की त्या पेटीने काही बदललं नाही.

रस्टॅड यांनी स्वतंत्र चौकशी मागितली. माझ्या मते ती मागणी वाजवी होती: ८६१ मतदारांचं मत इतके दिवस हिशेबाबाहेर राहणं ही किरकोळ गोष्ट नाही. पण चूक होणं आणि मतं चोरणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. या निवडणुकीत जिंकणारा बदलेल अशी एकही चूक सापडलेली नाही. सरे-गिल्डफर्डचा निकाल अंतिम मोजणीत फिरला म्हणून ‘रातोरात मतं आली’ असे मेसेज आपल्याही ग्रुपांवर फिरले. ती मतं रातोरात आली नव्हती. ती मतदानाच्या रात्री आठच्या आत पोचलेली होती, आणि ती अजून मोजायची आहेत हे पहिल्याच रात्री सांगितलेलं होतं.

इथे ईव्हीएम आहे का?

नाही. मतपत्रिका कागदाचीच. मतदार तिच्यावर पेनाने खूण करतो आणि ती मोजणी यंत्रात सरकवतो. यंत्र खूण वाचून बेरीज करतं आणि कागद खालच्या पेटीत पडतो. ही यंत्रं इंटरनेटला जोडलेली नसतात. प्रांताच्या सार्वत्रिक निवडणुकीत ती सर्वत्र वापरली गेली ती २०२४ मध्ये पहिल्यांदा. न्यायालयीन फेरमोजणीत तोच मूळ कागद बाहेर काढून माणसं पुन्हा मोजतात, आणि त्या हाताने केलेल्या मोजणीचा आकडा यंत्राच्या आकड्याच्या अगदी जवळ निघाला. यंत्रावर शंका घेणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

२०२० ला दुसऱ्या क्रमांकावर असलेला लिबरल पक्ष गेला कुठे?

इथे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण या निवडणुकीची खरी कहाणी ही आहे.

बीसी लिबरल पक्षाने २००१ ते २०१७ अशी सलग सोळा वर्षं राज्य केलं. नावात लिबरल असलं तरी तो मध्य-उजव्यांचा, उद्योगस्नेही पक्ष होता. एनडीपीला रोखायचं म्हणून जमलेली ही आघाडी होती म्हणा ना. २०२० ला त्यांच्या २८ जागा आल्या. मग केविन फाल्कन नेते झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी आपल्या एका ज्येष्ठ आमदाराला गटातून काढलं, कारण त्याने हवामानबदलात कार्बन डायऑक्साइडच्या वाट्यावर शंका घेणारा मजकूर समाजमाध्यमावर पुढे पाठवला होता. तो आमदार म्हणजे जॉन रस्टॅड.

रस्टॅड २०२३ च्या सुरुवातीला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षात गेले आणि मार्चमध्ये त्याचे नेते झाले. तेव्हा हा पक्ष जवळजवळ नावापुरता होता. २०२० मध्ये त्याला दोन टक्केसुद्धा मतं मिळाली नव्हती. इकडे एप्रिल २०२३ मध्ये लिबरलांनी आपलं नाव बदलून बीसी युनायटेड केलं. नवं नाव लोकांच्या ओठी बसलंच नाही. जुन्या मतदाराला आपला पक्ष कुठला तेच कळेना. त्याच काळात देशपातळीवर कॉन्झर्व्हेटिव्ह नावाला जोर चढला होता, त्याचा आयता फायदा रस्टॅड यांना झाला. एकेक आमदार आणि उमेदवार तिकडे सरकू लागले. शेवटी २८ ऑगस्ट २०२४ ला, मतदानाला दोन महिनेही उरले नसताना, फाल्कन यांनी पक्षाचा प्रचारच थांबवला आणि कॉन्झर्व्हेटिव्हांना पाठिंबा जाहीर केला. ज्याला गटातून हाकललं होतं त्याच्याच शेजारी उभं राहून.

उजवीकडची मतं एकत्र आली आणि एकतर्फी वाटणारी निवडणूक अटीतटीची झाली. दोन टक्क्यांच्या आतून ४३ टक्क्यांवर जाणं ही लहान गोष्ट नाही. एबींचं धोरण पटो न पटो, रस्टॅड पटोत न पटोत, ही झेप मान्य करायलाच हवी.

एनडीपी जिंकली म्हणजे ट्रूडोंचा पक्ष हरला का?

नाही. प्रांताचे पक्ष आणि देशाचे पक्ष वेगळे समजा. तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांचा लिबरल पक्ष या निवडणुकीत उभाच नव्हता. बीसी लिबरल हेही १९८७ पासून त्या पक्षाची शाखा नव्हते. रस्टॅड यांचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष आणि पिएर पोलिएव्ह यांचा देशपातळीवरचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष यांचा संघटना म्हणून संबंध नाही, मतदार मात्र बरेचसे तेच. एनडीपी हा त्यातला अपवाद: तिथे प्रांत आणि देश यांचं सदस्यत्व जोडलेलं असतं.

कोणता भाग कुणाकडे गेला?

नकाशा पाहिला तर बहुतेक सगळा निळा, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांचा दिसतो. प्रांताचा अंतर्भाग आणि उत्तर, म्हणजे जंगल, खाणी, पशुपालन, फळबागांचा प्रदेश, बहुतांश कॉन्झर्व्हेटिव्हांकडे गेला. व्हँकुव्हर, बर्नाबी आणि व्हिक्टोरिया परिसर बहुतांश एनडीपीकडे. पण नकाशावरचं क्षेत्रफळ मत देत नाही. दाट वस्तीच्या छोट्या मतदारसंघांत जागा जास्त आहेत.

खरी लढाई झाली सरे आणि रिचमंडमध्ये. सरेतल्या दहापैकी सहा जागा कॉन्झर्व्हेटिव्हांनी जिंकल्या. मंत्री राहिलेल्या रचना सिंग आणि जिनी सिम्स दोघीही तिथे हरल्या. दक्षिण आशियाई मतदार एकगठ्ठा एनडीपीचा, हे गृहीतक तिथे मोडलं. घरभाडं, आपत्कालीन कक्षातली तासन्‌तास वाट, शाळांबाहेरचे तात्पुरते वर्ग, सार्वजनिक ठिकाणचं अमली पदार्थांचं सेवन हे प्रश्न तिथल्या कुटुंबांना रोज भिडत होते. अमली पदार्थ थोड्या प्रमाणात बाळगणं गुन्हा न मानण्याचा प्रयोग जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला होता. लोकांचा रोष पाहून सरकारने मे २०२४ मध्ये सार्वजनिक जागांपुरता तो मागे घेतला. तोवर बरंच नुकसान झालं होतं.

जाता जाता: नव्या सभागृहात अर्ध्याहून अधिक आमदार स्त्रिया आहेत. याची पुरेशी दखल घेतली गेली नाही.

जास्त मतं मिळूनही पक्ष हरू शकतो का?

शकतो, आणि इथेच घडलंय. १९९६ मध्ये लिबरलांना सुमारे ४२ टक्के मतं आणि ३३ जागा मिळाल्या. एनडीपीला साडेएकोणचाळीस टक्के मतं आणि ३९ जागा. सरकार एनडीपीचं आलं. २००१ मध्ये उलटा प्रकार: लिबरलांना ५८ टक्क्यांच्या आसपास मतं, पण ७९ पैकी ७७ जागा. मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, ही आपल्याकडचीच पद्धत असल्यामुळे आपल्याला याचं नवल वाटू नये.

पद्धत बदलावी म्हणून तीनदा सार्वमत झालं. २००५ मध्ये ५७.६९ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने कौल दिला, पण अट ६० टक्क्यांची होती. २००९ आणि २०१८ मध्ये प्रस्ताव साफ पडला. २००५ ची ती संधी हुकली याची रुखरुख मला अजून वाटते.

४७ म्हणजे बहुमत, मग सरकार काठावर का म्हणतात?

कारण अध्यक्ष. विधानसभेचा अध्यक्ष सभागृहातूनच निवडला जातो आणि तो समसमान मतं पडली तरच मत देतो. एनडीपीचे राज चौहान अध्यक्ष झाले. पंजाबात जन्मलेले, शेतमजुरांची संघटना उभी करून राजकारणात आलेले हे गृहस्थ २०२० पासून त्या खुर्चीत आहेत. ते खुर्चीत बसले की सरकारकडे ४६ उरतात आणि समोर ४४ अधिक २ म्हणजे ४६. मे २०२५ च्या अखेरीस पायाभूत प्रकल्पांना वेग देणारं विधेयक १५ मतदानाला आलं तेव्हा अगदी हेच घडलं. ग्रीनही विरोधात गेले, ४६-४६ झालं आणि चौहान यांच्या निर्णायक मतावर विधेयक तरलं.

रोज अशी कसरत नको म्हणून एनडीपीने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीन पक्षाशी सहकार्य करार केला. ग्रीन मंत्रिमंडळात आले नाहीत. विश्वासमताच्या वेळी त्यांनी साथ द्यायची आणि बदल्यात काही धोरणांवर काम करायचं, असं ठरलं. प्रत्येक विधेयकाला होकार द्यायला ते बांधलेले नव्हते.

एखादा आमदार फुटला तर?

तर तो आमदार राहतोच. कॅनडात पक्षांतरबंदी कायदा नाही. दहाव्या परिशिष्टाची, दोन तृतीयांशांची, अपात्रतेच्या याचिकांची गणितं गेली काही वर्षं रोज ऐकलेल्या मराठी माणसाला हे अजब वाटतं. या सभागृहात फूट पडली ती विरोधकांत. मार्च २०२५ मध्ये डॅलस ब्रोडी यांना कॉन्झर्व्हेटिव्ह गटातून काढलं आणि त्यांच्यापाठोपाठ आणखी दोघे बाहेर पडले. पुढे आणखीही गेले. डिसेंबर २०२५ मध्ये खुद्द रस्टॅड यांनी नेतेपद सोडलं. ४४ चा आकडा निकालाच्या दिवसापुरताच खरा राहिला.

समजा त्रिशंकू झालं असतं, तर राज्यपालांनी कुणाला बोलावलं असतं?

२०१७ चं उदाहरण पाहा. लिबरल ४३, एनडीपी ४१, ग्रीन ३. सर्वांत मोठ्या पक्षाच्या ख्रिस्टी क्लार्क प्रीमियरपदावर होत्या, म्हणून सभागृहाला सामोरं जाण्याचा पहिला हक्क त्यांचा. २९ जूनला त्या ४४ विरुद्ध ४२ अशा विश्वासमतात हरल्या. त्यांनी विधानसभा विसर्जित करायचा सल्ला दिला, पण लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे इथल्या राज्यपाल, ज्युडिथ गिशॉन यांनी तो न मानता एनडीपीचे जॉन हॉर्गन यांना सरकार बनवायला बोलावलं. हॉर्गन यांनी पुढे प्रांताचं राजकारण बदललं. २०२४ च्या निकालानंतर काही आठवड्यांतच, १२ नोव्हेंबरला, त्यांचं निधन झालं.

मी पीआर (कायम रहिवासी) आहे / स्टुडंट व्हिसावर आहे. मला मत देता येतं का?

नाही. कॅनडाचं नागरिकत्व, १८ वर्षं पूर्ण आणि मतदानाआधी सहा महिने बीसीत वास्तव्य, या तिन्ही गोष्टी लागतात. पीआर असलेल्यांना पक्षाला देणगी मात्र देता येते आणि प्रचारात मदतही करता येते. कंपन्या आणि कामगार संघटना यांच्या देणग्यांवर २०१७ पासून बंदी आहे.

जोडून येणारा प्रश्न: महाराष्ट्रातलं मत? भारतीय पासपोर्ट असेल आणि परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवलेलं असेल, तर आपल्या मतदारसंघात प्रत्यक्ष जाऊन मत देता येतं. कॅनेडियन नागरिकत्व घेतलं की ते संपतं. ओसीआय कार्डावर, म्हणजे मूळच्या भारतीयांना परदेशी नागरिक झाल्यावर मिळणाऱ्या कार्डावर, मतदान नाही.

या निकालाचा आमच्यावर नेमका काय परिणाम होतो?

व्हिसा आणि नागरिकत्व ओटावाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या हातात आहे, तो राग प्रांतावर काढू नका. पण दवाखाने, शाळा, रस्ते, गाडीचा विमा, किमान वेतन हे व्हिक्टोरियात, म्हणजे प्रांताच्या राजधानीत ठरतं. भाडेकरूचं भाडं वर्षाला जास्तीत जास्त किती वाढवता येईल हेही: २०२४ साठी ३.५ टक्के, २०२५ साठी ३ टक्के. प्रांतिक नामांकनाची पीआर योजना प्रांत चालवतो, आणि २०२४ पासून बऱ्याच नव्या परदेशी विद्यार्थ्यांना स्टडी परमिटसाठी प्रांताचं शिफारसपत्र लागतं. म्हणजे पुण्याहून शिकायला इथे यायची तयारी करणाऱ्या मुलामुलींनाही या निवडणुकीशी देणंघेणं आहे.

पुढची निवडणूक कधी?

कायद्याने दर चार वर्षांनी ऑक्टोबरचा तिसरा शनिवार, म्हणजे २१ ऑक्टोबर २०२८. सरकार पडलं किंवा प्रीमियरने सल्ला दिला तर आधीही. नुकतंच नागरिकत्व मिळालं असेल तर इलेक्शन्स बीसीकडे ऑनलाइन किंवा फोनवर नाव नोंदवता येतं. राहून गेलं तरी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन गेल्यास मतदान केंद्रावरच नोंदणी होते. घर बदललं असेल तर पत्ताही बदलून घ्या.